सतरा वेलींच्या ताज्या जखमा

नाव झोया करादजोवा, वय ५८ वर्षे, धंदा द्राक्षशेती, रा. दोल्नो ब्रेस्तोवो, बल्गेरिया.

समक्ष हजर राहून सांगते की, फिर्यादी दोब्रोमिर हा माझा सख्खा धाकटा भाऊ. वडिलांचा मळा आम्हा दोघांत निम्मा-निम्मा आहे. बाईमाणूस असून मी छाटणीची कात्री धरते, म्हणून तो सहा वर्षे माझ्याशी बोलत नाही.

मी त्याच्या वेलींना विष घातले, हे खोटे आहे. हात लावला, हे खरे आहे. छाटणीच्या ताज्या जखमेतून रोग खोडात शिरतो आणि वेल वाळते. माझ्याकडची एक म्हातारी वेल कधीच वाळली नाही. तिच्या लाकडात राहणारी हिरवी बुरशी मी उकडलेल्या जवावर वाढवते, पाण्यात कालवते आणि जखमांवर ब्रशने लावते. ती आत घर करते, रोगाला दारात उभे करत नाही. वेलही जोमाने फुटते.

१४ फेब्रुवारीला, संत त्रिफोनच्या दिवशी, पुरुष सकाळी दोन-तीन रांगा छाटतात, पहिल्या जखमेवर वाइन ओततात, उरलेली घशात ओततात आणि चौकात नाचायला जातात. मग मळ्यात चिटपाखरू नसते. तीन वर्षे मी त्याच दुपारी दोब्रोमिरच्या दोन रांगांना बुरशी लावत आले. गेल्या उन्हाळ्यात त्यांतली एकही वेल वाळली नाही. वडिलांनी स्वतः लावलेल्या तिसऱ्या रांगेला मी हात लावला नव्हता, तिथल्या पाच गेल्या. त्यांचे सरपण दोब्रोमिरनेच नेले.

काल, यंदाच्या त्याच दुपारी, तिसरी रांग सुरू करणार, तोच तो विसरलेली बाटली न्यायला परत आला.

"चेटकिणे, माझ्या वेलींना बुरशी फासतेस?"

"बुरशीच आहे. तुझ्यापेक्षा शहाणी आहे."

त्यावर तो माझा बुरशीच्या पाण्याचा डबा उचलून थेट ठाण्यात आला. विष वाटत असेल तर पिऊन दाखवते, असे मी अंमलदारसाहेबांना सांगितले. ते नको म्हणाले.

जप्त डबा शेगडीजवळ ठेवला आहे. आतला जीव तिथे मरेल. उद्या पाऊस सांगितला आहे, आणि रोग पावसाबरोबरच येतो. तिसऱ्या रांगेतल्या वडिलांच्या सतरा वेलींच्या जखमा उघड्या आहेत. मला खुशाल कोंडा, डबा आज सोडा.

जबाब वाचून दाखवत असताना बाहेर बाकावर बसलेल्या फिर्यादीने आत डोकावून विचारले, "ताई, ब्रश एकदा फिरवायचा की दोनदा?"

मी म्हटले, "दोनदा."

सर्व ऐकले, सांगितले तसेच उतरले आहे. डबा फिर्यादीच्या ताब्यात देण्यास माझी हरकत नाही.