नेटवरचे आजोबा

...आणि वरून मलाच म्हणतात, आबा, चिडू नका! चिडू नको तर काय करू? तुम्हाला सांगतो, मी जित्ता शे! हा बघा, तुमच्यासमोर धडधाकट उभा, देवपूरचा तोताराम, जन्मभर धुळे-जळगाव एसटी चालवली, एक कोंबडी चिरडली नाही... आणि माझी नात मलाच मारते?

नात म्हणजे पुनम, सहावीतली. बाईंनी निबंध दिला, 'माझे आजोबा'. आजोबा कुठे? समोर खाटेवर, शेंगा फोडतोय. पोरगी कुठे बघते? मोबाईलमध्ये! म्हटलं, "अगं, मला विचार ना." तर म्हणे, "आबा, मधे बोलू नका, तुमचीच माहिती शोधतेय!" आणि शोधणं तरी कसलं? जे पहिलं दिसलं ते उतरवलं, हात चालतोय, डोकं सुट्टीवर. त्या आजोबांना पांढरी दाढी, ते रोज बागेत फिरतात... आणि शेवटी? 'गेल्या वर्षी ते आम्हाला सोडून गेले.'

बाईंना रडू फुटलं. त्यांनी टाकलं पालकांच्या ग्रुपवर, 'पुनमच्या आजोबांना भावपूर्ण श्रद्धांजली'... झालं! संध्याकाळी शिरपूरहून विहीण ताईबाई दारावर आली, गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढून, मी कधी गेलो ते विचारत, "आबा कवय गयात वं मायऽऽ!" दार कोणी उघडलं? मी! म्हटलं, "अक्का, मी जित्ता शे!" तर म्हणते, "इतली लांबथून उनू, जराशी रडू तं दे!"

सकाळी आधार कार्ड घेऊन शाळेत. टेबलावर हात आपटला, "बाई, मी जित्ता शे! पोरगी मला विचारून नवा निबंध लिहील!"

आणि बसली हो पोरगी माझ्यापुढे. "आबा, तुम्ही आजीला बघायला गेले तेव्हा काय झालं?" तुम्हाला सांगतो, शेंगा बाजूला सारल्या. सगळं सांगितलं... घाईत दोन पायांत दोन वेगळ्या चपला, सासरा चपलांकडेच बघतोय, भरिताचा घास घशात अडकलेला... तिनं हसत हसत सगळं लिहिलं.

काल बाईंनी बोलावलं. "आबा, हा नवा दहापैकी चार. चपला कशाला आल्या निबंधात? आदर्श आजोबा नाही वाटत. पहिल्याला नऊ होते. कुठला धरू?"

मी तोंड उघडलं, मी जित्... तेवढ्यात पोरीकडे नजर गेली. रडवेली, खाली मान.

म्हटलं, "बाई... मी गेलोच म्हणून समजा."