पंख्याचं माप

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या स्टँडवर नगरच्या गाडीची वाट बघत बसलेल्या दमयंतीबाईंचे कान मागच्या बाकावरच्या नवराबायकोकडे लागले होते. नवऱ्याच्या मांडीवर पोत्यात होडीच्या इंजिनाचा तुटका पंखा होता.

"अवो, माप नीट घेतलंय ना?"

"तीनदा घेतलं. नऊ इंच. ही बघ, सुतळीला गाठच मारलीय."

"दुकानदारानं भलताच गळ्यात मारला तर? धरणापल्याड चांगुणाचे दिवस भरलेत. होडी न्हाई चालली तर पोरीला डोंगरानं डोलीत आणायची का?"

"ती माझी बी लेक हाय. गप बस जरा."

"कशी गप बसू? गेल्या साली भरलेली होडी काठावरनं हालंना. निम्मी मानसं उतरवली तुमी."

"पंखा म्हातारा झालाय."

"म्हातारा न्हाई, लहान झालाय! एक पातं खडकाला घासलं की बाकीची दोन कानशीनं तेवढीच करायचा तुमी."

"न्हाई तर होडी थरथरती."

"आन माप ह्याच पंख्याचं घेतलं?"

"अगं... नवा हुता तवा केवढा हुता, कुणाला ठावं?"

"मला. त्याची खोळ मीच शिवली हुती. माझी एक वीत आन वर चार बोटं."

"आण हात."

"अवो, सोडा! लोक बघत्यात."

"बघू देत. सुतळीवर बोटं ताण."