उशीला मान नसते

बायको: नाही, तुमचं आवरणं चालू द्या. मला एवढंच सांगा, मघाशी स्टेजवर झालं ते खरं होतं की नाटक?

संमोहनकार: ताई, माझ्या प्रयोगात खोटी असतील तर ती टेबलावरची फुलं. प्लास्टिकची आहेत. बाकी सगळं शंभर टक्के. खाली जेवणं सुरू झालीत ना? तुम्ही लेकराला घेऊन अशा ताटकळत कशाला उभ्या?

बायको: ती झोपलीये. खांद्यावर आहे तोवर झोपेल. तुम्ही वर बोलावलेल्यांत डावीकडून दुसरा, चौकड्यांचा शर्ट घातलेला. तो माझा नवरा.

संमोहनकार: अरे वा! उशी खाली ठेवून पळाले ते? काय टाळ्या घेतल्या हो त्यांनी! बाकीच्यांचं ठरलेलं असतं. एक जण उशीला पावडर लावतो, एक अंगाई म्हणतो, एखादा पाठ थोपटून ढेकर काढतो. पण हे काही औरच. अख्खा कारखाना लोळत होता हसून.

नवरा: इथे आहेस होय! मी तुला सगळीकडे शोधतोय. चल, जेवून घे. साहेबांच्या मिसेसना बाळ बघायचंय.

बायको: येते. यांच्याशी बोलणं होऊ दे.

नवरा: यांच्याशी तुझं काय बोलणं?

बायको: तुझंच.

नवरा: अगं, गंमत होती ती. सगळे हसले.

बायको: हसले तर. आत्ता जिन्यात तुमच्या स्टोअरमधला तो जाड्या मला म्हणाला, "काय वहिनी, उशीवाले बाबा कुठायत?" मला नाही हसू आलं.

नवरा: तुला हल्ली कशाचंच येत नाही.

संमोहनकार: हे बघा, प्रयोगानंतर नवरा-बायकोची थोडी खडाजंगी होतेच. मागे एका ठिकाणी मी एका गृहस्थांना सांगितलं, तुम्ही कोंबडी आहात. बाई घरी जाऊन आठवडाभर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, पंचवीस वर्षं या माणसासाठी डबे केले!

बायको: तुम्ही याच्या हातात उशी दिलीत. म्हणालात, हे तुमचं बाळ. मग म्हणालात, बाळ रडायला लागलं, काही केल्या थांबत नाहीये. पुढे काय करायचं ते तुम्ही सांगितलंत का?

संमोहनकार: नाही. मजा तिथेच आहे. पुढचं ज्यानं त्यानं करायचं.

बायको: म्हणजे बाळ जमिनीवर ठेवा, लांब जा, भिंतीकडे तोंड करा, कानात बोटं घाला आणि गुणगुणत राहा, हे तुमचं नाही.

संमोहनकार: छे! इतकं डोकं मला असतं तर मी सिनेमे लिहिले असते.

नवरा: पण मला त्यातलं काही आठवतच नाही. झोपेत माणूस काय करतो त्याचा जाब कोणी विचारतं का?

संमोहनकार: झोप नसते हो ती साहेब. झोप म्हटलं की लोकांना बरं वाटतं, म्हणून म्हणायचं. आता बघा, सिनेमा बघताना तुम्हाला पक्कं माहीत असतं की तो पडदा आहे. तरी डोळ्यांत पाणी येतंच ना? बाजूचा माणूस खोकला तर ऐकूही येतो, पण त्याचं काही वाटत नाही. तसंच आहे हे. लक्ष एका जागी गोळा झालं की मी जे सांगीन ते खरं वाटायला लागतं. वाटू द्यायचं, असं त्या माणसानंच आतून ठरवलेलं असतं. नाहीतर मी दिवसभर बोटं नाचवली तरी काही होत नाही.

बायको: आणि सुरुवातीला माइकवरून सांगितलंत, घाबरू नका, संमोहनात माणूस मनाविरुद्ध काहीही करत नाही.

संमोहनकार: ते प्रत्येक प्रयोगात सांगतो. त्याशिवाय बायका नवऱ्यांना वर पाठवत नाहीत.

बायको: मग आता मला सांगा. उशी खाली ठेवली ती मनाविरुद्ध नव्हती.

संमोहनकार: ताई, ते वाक्य धीर द्यायला असतं. तुम्ही तर ते वकिलासारखं धरलंत.

नवरा: बघितलंत? घरी रोज हेच. शब्द पकडायचा आणि उलटतपासणी.

बायको: सोमवारी माझी रजा संपते. लॅबमध्ये परत रुजू व्हायचंय, सकाळी जायचं ते संध्याकाळी यायचं. यानं महिन्याची रजा टाकलीये. ही चार महिन्यांची आहे आणि पहिल्यांदाच दिवसभर घरात हे दोघंच असणार. मी हिला कोणाच्या हातात देऊन जातेय, ते मला कळायला नको?

नवरा: कोणाच्या म्हणजे? बापाच्या.

बायको: त्या बापानं तिला खाली ठेवलं आणि पाठ फिरवली.

नवरा: उशीला ठेवलं! उशीला!

बायको: हळू बोल, उठेल ती.

संमोहनकार: ताई, माझं ऐका. संमोहन म्हणजे खरं बाहेर काढायचं यंत्र नव्हे. पोलीससुद्धा कधीमधी विचारायला येतात, त्यांनाही मी हेच सांगतो. संमोहित माणूस थापा मारतो, कल्पना लढवतो, समोरच्याला काय आवडेल ते करतो. स्टेजवर तर जास्तच. चार टाळ्या पडल्या की पाचवीसाठी वाट्टेल ते. तिथलं बघून घरातलं ओळखू नका.

बायको: मी उलटं करतेय. घरातलं आधी बघितलंय, मग स्टेजवरचं ओळखलं. मी आंघोळीला जाते. बाहेर येते तर खोलीचं दार लावलेलं. हा म्हणतो, वाऱ्यानं लागलं. खोलीला एकच खिडकी आहे आणि ती मी हिच्यासाठी बंद ठेवते. आत ही लालभडक झालेली, घसा बसलेला. हा म्हणतो, आत्ताच सुरू झाली. आणि हा कुठे असतो? स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून. गुणगुणत. मघाशी स्टेजवर जे गुणगुणत होता ना, तेच. सूरही तोच. सगळे हसत होते आणि मी तो सूर ओळखला.

नवरा: म्हणजे मी आता चोर. पाळत ठेवतेस माझ्यावर? अहो, सांगा ना हिला. तुम्ही मला संमोहित केलं होतंत. मी शुद्धीवर नव्हतो.

संमोहनकार: मी... अं... तो माइकचा स्टँड तेवढा इकडे द्याल का?

बायको: तुम्ही याच्या कानात काय सांगितलंत?

संमोहनकार: कानात?

बायको: सगळ्यांनी बोटं एकमेकांत अडकवली होती आणि तुम्ही मागून फिरत होतात. दोघांच्याच कानाशी वाकलात. एक तो टक्कल पडलेला आणि एक हा. टकलू लगेच खाली उतरला. हा बसून राहिला.

संमोहनकार: तुम्ही कुठल्या रांगेत होतात?

बायको: शेवटच्या. दाराशी. ही रडली तर बाहेर नेता यावं म्हणून.

संमोहनकार: शेवटच्या रांगेतून दिसलं! ताई, लॅब सोडा आणि माझ्याकडे या. ... नाही, खरं सांगतो, ते धंद्यातलं आहे. कोणी विचारत नाही, आम्ही सांगत नाही.

नवरा: नका सांगू. काही गरज नाही.

बायको: याच्या बोलण्यावरून अर्धं कळलंच.

संमोहनकार: हे बघा. मी सांगतो, हात चिकटलेत, आता सुटणार नाहीत. ज्यांचे खरंच सुटत नाहीत ते माझ्या कामाचे. ज्यांचे सुटतात त्यांच्या कानात सांगतो, "तुम्हाला संमोहन लागत नाहीये, गुपचूप खाली जा, काही वाटून घेऊ नका." यांची बोटं मी बोलायच्या आधीच मोकळी होती. तसं सांगितलं, तर म्हणाले, राहू द्या मला. आता भरल्या सभागृहात मी कोणाला ढकलून थोडाच देणार? वाटलं, हौशी असतील.

बायको: म्हणजे तू जागा होतास.

नवरा: चल, जेवण गार होतंय.

बायको: तू जागा होतास.

नवरा: होतो! जागा होतो! झालं समाधान?

बायको: मग कशासाठी बसलास? मी समोर होते. हिला घेऊन समोर होते.

नवरा: म्हणूनच.

बायको: म्हणजे?

नवरा: माहीत नाही मला. उशी हातात आली, हे म्हणाले थांबतच नाहीये, आणि वाटलं, आज सगळे समजतायत की मी झोपेत आहे. आज काहीही केलं तर चालेल. आज कोणी म्हणणार नाही की कसला बाप आहे.

बायको: आणि घरी?

नवरा: घरी काय?

बायको: दार कशाला लावतोस?

नवरा: यांच्यासमोर?

संमोहनकार: मी वायरी गुंडाळतो तिकडे. मला ऐकू येत नाही.

नवरा: ती रडायला लागली ना, थांबेचना अशी, की माझे हात आवळायला लागतात. तिच्याभोवती. मला कळतं की आवळतायत, आणि सैल कर म्हटलं तरी होत नाहीत. भीती वाटते. म्हणून ठेवतो खाली. गादीच्या मधोमध ठेवतो, आणि दार लावून लांब जातो. लांब म्हणजे कुठे, स्वयंपाकघरापर्यंतच. हात सैल झाले की परत येतो. कधी तू त्याआधी बाहेर येतेस.

बायको: आणि हे मला सांगायचं नाही. वाऱ्यावर ढकलायचं.

नवरा: तुला? तुला सांगायचं? मी तिला घ्यायला गेलो की तू आधी माझे हात हुंगतेस, साबणानं धुतलेत का ते बघायला. मान धर. अशी नको, तशी धर. अरे, तिला दुखतंय. दे इकडे, तुला नाही जमायचं. ती घरी आली त्या दिवसापासून तुझं हे एकच वाक्य. तुला नाही जमायचं, तुला नाही जमायचं. हे गृहस्थ इतका वेळ कानाशी पुटपुटले तर मला काही झालं नाही. तुझं बरोबर लागलं.

संमोहनकार: आमच्यात त्यालाच सूचना म्हणतात. तेच ते, त्याच आवाजात, माणूस दमलेला असताना... सॉरी. मला ऐकू येत नाहीये.

बायको: म्हणजे आता हे माझ्यावर आलं.

नवरा: तुझ्यावर आलं असं म्हणालो का मी?

बायको: मी रात्र रात्र जागायची, मी हिचा श्वास चालू आहे ना ते नाकाशी बोट धरून बघायचं, आणि शेवटी माझ्या बोलण्यानं तुझे हात आवळतात.

नवरा: बघ, मी काय सांगितलं आणि तू काय ऐकलंस. म्हणून नाही सांगत.

बायको: मी धरते म्हणून ती नीट धरली जाते.

नवरा: हो. म्हणून मग तूच धर. सोमवारी जाऊ नकोस. तेच हवंय ना तुला? तेवढ्यासाठीच तर ही चौकशी. मला नापास करायचं आणि घरी बसायचं. मग आयुष्यभर मला ऐकवायचं की तुझ्यापायी नोकरी सोडली.

बायको: अगदी मनातलं ओळखतोस की! तूच प्रयोग लावत जा.

संमोहनकार: एक बोलू का? बोललो तर रागावू नका. वायरी गुंडाळून झाल्या. ताई, इतकी वर्षं उशा वाटतोय मी. बाळ रडतंय म्हटलं की लोक ती उशी झुलवतात, हवेत उडवतात, एकानं तर शेजाऱ्याच्या डोक्यात घातली. यांनी ठेवताना एक हात मानेखाली धरला. आधी बूड टेकवलं, मग डोकं, मग हात काढून घेतला. लोक हसत होते तरी घाई नाही केली. तुम्ही एवढं बारीक बघता, ते नाही बघितलंत?

बायको: बघितलं. सगळ्यात आधी तेच बघितलं. उशीला कुठे मान असते? नाटक करणाऱ्याचा हात तिथे जात नाही. ज्याला रोज तसं ठेवायची सवय आहे त्याचाच जातो. तेव्हाच माझी खात्री पटली.

नवरा: कशाची खात्री? मी तिला नीट ठेवतो याची, की सोडून जातो याची?

बायको: दोन्हीची. तेच तर. एक धरावं तर दुसरं सुटत नाही.

(बाळ जागं होऊन रडू लागतं.)

संमोहनकार: हिला मात्र माझ्याकडून काही होणार नाही. मी जातो बुवा जेवायला. सामान इथेच असू दे.

बायको: ए, ए, ए... काय झालं माझ्या सोन्याला? भूक नाहीये, मघाशीच प्यायलीस तू. काय झालं?

नवरा: दे माझ्याकडे.

बायको: थांब, होईल शांत.

नवरा: सोमवारी काय करणार आहेस? लॅबमधून शांत करणार आहेस का?

बायको: हात...

नवरा: काय हात?

बायको: काही नाही. घे.

नवरा: धरली. सोड आता.

बायको: मान...

नवरा: तिची मान ती धरते आता. महिना झाला. तूच मला दाखवलंस.

बायको: हो.

नवरा: तू जा ना बाहेर. तू अशी बघत राहिलीस की मला नाही जमत. जेवून घे, नाहीतर नुसती जिन्यात बस. ही थांबली की घेऊन येतो खाली.

बायको: आणि नाही थांबली तर? आवळले तर?

नवरा: तर उशीवर ठेवीन. ही आहे ना इथे, हिच्याएवढीच आहे. आणि तुला हाक मारीन.

बायको: नक्की मारशील?

नवरा: मला काय माहीत? आजवर कधी मारली नाही.

बायको: सोमवारचं मी अजून काही ठरवलेलं नाही. आधी हे.

नवरा: जा ना गं. बघ, तुझा आवाज ऐकून आणखी चढतेय.

बायको: जाते. जिन्यातच आहे मी. दार मात्र लावू नकोस. इथेही वारा नाहीये.