सुरगाठीचा मांडव

बसा, बसा! मागच्यांनी पुढे सरका— जागा आहे इथं, मी काही चावत नाही! आज एकच प्रश्न घेऊन कीर्तनाला उभा राहिलोय. माणूस जीव ओतून एखादी गोष्ट उभी करतो. घर म्हणा, संस्था म्हणा, संसार म्हणा. ती त्याच्या हातात राहते कशानं? घट्ट आवळून धरल्यानं? काका, तुम्ही लगेच मान डोलावलीत! थांबा की जरा, आधी गोष्ट तरी ऐका.

पुण्याच्या एक बाई. शाल्मली आगटे. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या, हुशार, आणि स्वभावानं— आपल्यासारख्याच! म्हणजे दार लावल्यावर कुलूप तीनदा ओढून बघणाऱ्या! परदेशात समुद्रकाठी साठ देशांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, आणि आपल्या देशाचं दालन बांधायचं काम या बाईंना मिळालं. अट काय? सहा महिने दालन उभं राहील. मग सगळं सुटं करायचं, काही कापायचं नाही, काही फेकायचं नाही, जमीन होती तशी परत द्यायची. सामान पुन्हा कामाला आलं पाहिजे!

आता असं कोण बांधतं हो? मोठमोठ्या कंपन्या विचारात पडल्या. बाई मात्र थेट वेंगुर्ल्याला गेल्या, भिकाजी घाडींकडे. सगळे त्यांना दाजी म्हणत. वय बहात्तर, उभ्या आयुष्यात लग्नाचे मांडव घातलेले. बांबू, माडाची विणलेली झापं आणि काथ्याची दोरी. खिळा नाही, सिमेंट नाही! लग्न झालं की मांडव सुटतो, आणि तोच बांबू पुढच्या घरी उभा राहतो.

दाजी विमानात बसले. (खिडकीशी बसले आणि पंखाकडे बघून म्हणाले, "ह्येका खिळे किती मारले रे!") तिथं पोचले आणि कामाला लागले. प्रत्येक जोडाला सुरगाठ. ठाऊक आहे ना? भार येईल तशी ती आवळते, पण मोकळं टोक ओढलं की झटक्यात सुटते. बायकांनो, तुम्हाला काय सांगायचं!

दालन काय देखणं झालं म्हणता! पण उद्घाटनाला दहा दिवस असताना दाजी तापानं पडले, आणि इकडे बाई रात्री उठून गाठी चाचपायला लागल्या. समुद्राचा वारा, हजारो माणसं येणार, आणि वर नुसती ओढली की सुटणारी गाठ? दाजींना न विचारता त्यांनी तिथले कामगार हाताशी घेतले आणि स्वतः बसून सगळ्या सुरगाठींच्या निरगाठी करून टाकल्या. तीनशे चाळीस! वर पाणी मारून आवळल्या. झोप शांत लागली हो बाईंना!

आणि तिसऱ्या दिवशी प्रदर्शनाचे तपासनीस दारात. उंच, शांत गृहस्थ. म्हणाले, "एक कमान सोडून दाखवा. कात्री नको, करवत नको."

कामगार ओढतायत, घाम गाळतायत— गाठ ढिम्म! तपासनीसांनी वही मिटली. "चार दिवसांनी येतो. सुटली नाही, तर दालन उघडणार नाही."

दोन वर्षांची मेहनत! देशाचं नाव! बाई धावत दाजींच्या खोलीवर गेल्या आणि रडत सगळं सांगून टाकलं. दाजींच्या जागी आपण असतो तर? घर डोक्यावर घेतलं असतं! दाजी पांघरूण बाजूला सारून उठले. दालनात येऊन गाठीवर अंगठा फिरवला.

"बाय, ही गाठ माजी न्हंय."

"चुकलं दाजी. आता तुम्हीच सोडवा."

"मी नाय. ज्येना बांधली, त्येनाच सोडूची. आमच्यात अशीच रीत आसा. कोमट पाणी घेवन ये, आणि बस."

बसल्या हो बाई! नकाशे काढणारे हात, काथ्या भिजवून, बांबूच्या टोकदार खुंटीनं एकेक गाठ उकलायला लागले. नखं तुटली, बोटं सोलली. बाई सोडवत होत्या आणि दाजी मागून पुन्हा सुरगाठ मारत होते. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. छप्पर करकरलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"भियां नको. बघ तरी."

बघतात तर गाठी आणखी आवळलेल्या! एक हलली नाही! चौथ्या दिवशी तपासनीस आले. बाईंनी स्वतः टोक ओढलं— सुटली! तासाभरात कमान खाली, तासाभरात पुन्हा वर. ते गंभीर गृहस्थ चक्क हसले.

सहा महिने दालन गाजलं. मग बाईंनीच पहिली गाठ ओढली. आठवडाभरात खाली मोकळी जमीन. सगळे बांबू जवळच्या कोळीवस्तीत शाळेच्या सभागृहासाठी गेले. बाई दाजींना म्हणाल्या, "मला वाटलं होतं, खूप वाईट वाटेल."

दाजी म्हणाले, "वायट कित्याक? पुढचो मांडव खंय, ता सांग!"

मंडळी, टाळ्या दाजींना द्या, मला नकोत. मला तुमच्याकडून दुसरंच हवंय. मुलगा चाळिशीचा झाला, तरी दुकानाच्या किल्ल्या कमरेला कुणाच्या? सून येऊन बारा वर्षं झाली, फोडणी तिनं द्यायची की नाही हे कोण ठरवतं? अध्यक्षसाहेब, हसू नका, तुमची खुर्ची आमच्यापेक्षा जुनी आहे! आणि मीही सुटलो नाही हो. माझी वीणा मी अजून शिष्याच्या हाती दिलेली नाही. त्याच्या हातून पडेल, म्हणतो!

बांधू नका असं नाही म्हणत. जीव लावून बांधा! पण घरी गेलात की एक गाठ चाचपून बघा. जी तुम्ही मारलीय, ती तुम्हालाच सोडवायचीय. दुसरं कुणी येणार नाही.

चला, हात वर करा सगळ्यांनी. काका, हातातली पिशवी खाली ठेवा आधी! हां— आता टाळी वाजेल. घ्या त्याचं नाव!