ठाणेदार उशिरा उठले

तुम्ही मला संशयी म्हणता, पण हा रोग मला चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्याच्या बाजारात जडला. पाकिस्तानशी लढाई नुकतीच संपली होती आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन लोकांचे कान तपासत फिरत होते. माणसाला बोलणं आणि सूर कसे ओळखू येतात, हाच माझा संशोधनाचा विषय. कुणीतरी चौकीत कळवलं की ही बाई हेर आहे.

ठाणेदारांनी टेप लावायला लावली. माझाच आवाज आला, "पा, बा, बा, पा."

"ये कौन सा कोड है?"

"कोड नहीं जी, कान का इम्तिहान है."

"हमें मत सिखाओ, मॅडम. आगे चलाओ."

पुढे ओळखीच्या धुना होत्या, नुसत्या पेटीवर वाजवलेल्या. तिसरी निघाली राष्ट्रगीताची. मी ताडकन उठले. दारातल्या हवालदारानं टाचा जुळवल्या. ठाणेदार मात्र खुर्चीतच, डोळे बारीक करून म्हणाले, "और ये किसको इशारा है?"

मग त्यांचं लक्ष हवालदाराकडे गेलं आणि ते धडपडत उभे राहिले.

टेप संपल्यावर हवालदाराला त्यांनी चहाला पिटाळलं आणि हळूच म्हणाले, "किसी से कहना मत, जी. मुझे सारी धुनें एक सी लगती हैं. मैं तो लोगों को देखकर खड़ा होता हूँ."

चहा पाजून त्यांनी मला सोडलं. पण तेव्हापासून बँडवर राष्ट्रगीत सुरू झालं, की मी ताठ उभी राहून, कोण दुसऱ्यांना बघून उठतंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत असते.

आमचे हे नेहमी माझ्यानंतर उठतात. अजून विचारलेलं नाही.