देव्हाऱ्यातली नोटीस

नगरच्या कोर्टात निकालाच्या नकलेसाठी रुपाली रांगेत ताटकळत होती. तिच्या मागं पाथर्डीकडचे मायलेक उभे होते आणि त्यांचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कानांना काही झाकण नसतं.

“माय, ही नोटीस घरात किती दिस हुती?”

“तुमी समदे ऊसतोडीला गेले, त्याच आठवड्यात पोलीस देऊन गेला. मी अंगठा दिला.”

“मंग मला फोन का न्हाई केला?”

“कशाला करू? तू बांधाच्या भांडनातून सुटला, त्याचाच शिक्क्याचा कागद आला असंल म्हनलं. देव्हाऱ्यात ठिवला, कुंकू लावलं. रोज उदबत्ती दाखवली त्याला.”

“अगं, मी सुटलो ते त्यांना पटलं न्हाई. त्यांनी वरच्या कोर्टात अपील केलंय. धा तारखेला मला हजर व्हायचं हुतं.”

“आज किती हाय?”

“बावीस.”

“आता रं?”

“वकील म्हनले, आधी जुन्या निकालाची नक्कल आना. मंग उशीर का झाला ते जजसाहेबांना सांगू.”

“मी सांगते की. माझ्याच हातनं झालंय.”

“तू गप ऱ्हा. अन् फिरून पोलीस आला तर अंगठा द्यायचा न्हाई. घरात कोनी न्हाई, एवढंच म्हनायचं.”

रांग दोन पावलं पुढं सरकली. रुपालीही सरकली.

“अन् दार उघडलं ती कोन, असं त्यानं इचारलं तर?”