बिहि अग्नाऊ पाण्यात कसे गेले

दिनांक १८ एप्रिल २०२४, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नाव केल्तूम ऊबेला, वय ३६ वर्षे, धंदा घरी कफ्तान शिवणे, राहणार तालबोर्ज्त, अगादीर.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती बूजमा (वय ४१, बर्फाच्या कारखान्यात कारकून) व मुलगी तिलीला (वय ९) यांच्यासह राहते. मला येथे कोणी बोलावलेले नाही. माझ्या पतींनी रविवारी याच ठाण्यात जबाब दिला आहे. घडले त्यापेक्षा त्यात वेगळे लिहिले गेले आहे, म्हणून मी आले आहे.

दि. १४ रोजी, ईदनंतरच्या रविवारी, सकाळी साडेआठला आम्ही तिघे आमच्या गाडीने मासा नदीच्या मुखाजवळचे राष्ट्रीय उद्यान पाहायला निघालो. संध्याकाळी परत यायचे होते. मुलीला शाळेत टकल्या शराटी पक्ष्यांचा धडा होता, तिने हट्ट धरला होता. दहाच्या सुमारास उद्यानाच्या फाटकातून पायी आत गेलो. नदीकाठी दोन तास फिरलो. टकले शराटी सात दिसले. मुलगी म्हणाली, "आई, अगदी आमचे हेडमास्तर!" माझे पती खूप हसले.

साडेबाराला आम्ही वाळूवर जेवायला बसलो. ब्रेड, ऑलिव्ह, उकडलेली अंडी आणि थर्मासमध्ये चहा होता. जवळच्या खडकावर एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांना मी ओळखत नव्हते. मी मुलीच्या हाती त्यांना चहा पाठवला. एक घोट घेऊन ते तेथूनच ओरडले, "अहो ताई, अगादीरला साखर मिळेनाशी झाली की काय?" मी म्हटले, "यांना डॉक्टरांनी बंद केलीय." ते म्हणाले, "मग त्यांची शिक्षा मला का?" त्यांनी ग्लास परत आणून दिला, तेव्हा माझ्या पतींशी त्यांचे भरतीविषयी बोलणे झाले. नदीच्या तोंडाशी पाणी आत ओढते, पोरीला गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, असे त्यांनी सांगितले. पती म्हणाले, "मी बंदरावरच वाढलोय." ते खरे आहे. माझ्या पतींना चांगले पोहता येते. मला येत नाही.

अंदाजे एक वाजून वीस मिनिटांनी मुलगी शिंपले वेचत होती. पाणी तिच्या गुडघ्याच्या खाली होते. मी चटई झटकत होते. लाट आली आणि परत जाताना मुलीला घेऊन गेली. मी वळून पाहिले तेव्हा ती चाळीसेक पावलांवर होती. तिचा लाल स्वेटर दिसत होता. मी ओरडले.

खडकावरच्या गृहस्थांनी गळ कपारीत खोचला, जाकीट काढले आणि उडी मारली. त्यांचा पाय घसरला नाही. हे मी नीट पाहिले आहे. ते मुलीपर्यंत पोहोचले, तिला मागून धरले व किनाऱ्याच्या बाजूला ढकलत राहिले. तीन वेळा ढकलले. तिसऱ्या वेळी लाटेने तिला पुढे आणले. मी छातीभर पाण्यात गेले होते. तिचा हात माझ्या हाती लागला.

या सर्व वेळात माझे पती माझ्या उजवीकडे उभे होते. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होते. त्यांनी बूट हातात धरले होते. ते पुढे गेले नाहीत. गाडीकडेही गेले नव्हते.

मुलीला वाळूवर पालथी घालून पाणी काढले. मान वर केली तेव्हा ते गृहस्थ आणखी आत गेलेले होते. त्यांनी एकदा हात वर केला. आम्हाला बोलवायला की आम्ही जावे म्हणून, ते मला सांगता येणार नाही. त्यानंतर ते दिसले नाहीत. मी फाटकाकडे धावले आणि रखवालदाराला घेऊन आले. सोमवारी सकाळी मृतदेह दक्षिणेला मिळाल्याचे कळले, तेव्हा त्यांचे नाव बिहि अग्नाऊ असल्याचे मला समजले.

माझ्या पतींनी रविवारी सांगितले की, ते स्वतः गाडीशी होते, मुलगी फक्त काठाला भिजली आणि तो माणूस मासे धरताना खडकावरून घसरला. मी तेव्हा मुलीजवळ दवाखान्यात होते. घरी आल्यावर मला हे समजले. मी गप्प राहिले.

काल, बुधवारी, मी एकटी मासा गावी मयताच्या घरी सांत्वनाला गेले. कोण म्हणून विचारल्यावर "त्या दिवशी किनाऱ्यावर होते" एवढेच सांगितले. त्यांच्या पत्नी इज्जा यांनी मला स्वतः जेवायला वाढले. त्या म्हणाल्या, "वीस वर्षं सांगत होते, त्या खडकावर जाऊ नका. दोन माशांसाठी जीव घालवला मेल्यानं. सगळे म्हणतात, त्याला माफ कर. मी नाही करणार." मी ताटातले संपवले आणि उठले.

आज सकाळी मी पतींना सांगितले की मी ठाण्यात जाते. ते म्हणाले, "माणूस गेला तो गेला. कसा गेला हे लिहून परत येणार आहे का?" मी म्हटले, "त्याची बायको त्याला शिव्या देतेय, बूजमा. आपल्या पोरीपायी गेलेल्या माणसाला." त्यांनी गाडीची किल्ली उचलली. मग म्हणाले, "पाय उचललेच गेले नाहीत गं. मी सांगत होतो पायांना." त्यानंतर त्यांनी मला टॅक्सीतळापर्यंत सोडले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझी मुलगी बरी आहे व सध्या माझ्या बहिणीकडे आहे. माझी एवढीच विनंती आहे की हा जबाब मयताच्या पत्नीस त्यांच्या घरच्या बोलीत वाचून दाखवावा. त्यानंतर त्यांनी मला बोलावल्यास मी मुलीला घेऊन जाईन. न बोलावल्यास जाणार नाही.

वरचा मजकूर लिहून झाल्यावर मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. पतींविषयीच्या ओळीपाशी लिहिणारे साहेब थांबले आणि म्हणाले, "'पुढे जाऊ शकले नाहीत' असं करू का, बाई?" मी विचार करून सांगितले की, शकले की नाही ते मला दिसलेले नाही. गेले नाहीत, एवढे दिसले. तेच ठेवावे. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही: केल्तूम ऊबेला